मशीन नाही म्हणालं तर दाद कोणाकडे मागायची?

माझी आत्या पंच्याहत्तरीला आलीय. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात भांगलण केली, कितीतरी हंगाम ऊसतोडीला गेली, घरी आली की राखेनं भांडी घासली. तिचा अंगठा हातात घेऊन बघितला तर टाकी न लावलेल्या पाट्यासारखा गुळगुळीत लागतो, रेषा अशी दिसतच नाही. गेल्या पावसाळ्यात मी गावी होतो तेव्हा तिला घेऊन रेशनच्या दुकानात गेलो. अंगठा लावला, लागला नाही. पदराला पुसून लावला, नाही. दुकानदार म्हणाला, "मावशी, केसावरनं फिरवा एकदा," कारण डोक्याचं तेल लागलं की कधीकधी मशीन घेतं म्हणे. तेही केलं. मग पहिलं बोट, मग मधलं, मग डावा हात, आणि मागे रांग वाढत चाललेली, कोणीतरी म्हणायला लागलं की बाजूला व्हा जरा, आमचं होऊ द्या. ओटीपीनं होईल का विचारलं तर आधारला लिंक असलेला नंबर तिच्या थोरल्या मुलाचा, त्यानं दोन वर्षांपूर्वी ते कार्ड रिचार्ज न करता टाकून दिलेलं. नंबर बरेच दिवस वापरला नाही की बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो, म्हणजे आत्याच्या धान्याचा ओटीपी आता कुठल्या गावात कोणाच्या खिशात वाजत असेल देव जाणे.

आत्या दुकानदाराला एवढंच म्हणाली, "अरे तुझ्या लग्नात मी भाकरी थापल्यात, तुला माहीत नाही का मी कोण?" तो बिचारा खाली बघत म्हणाला, "मला माहितीये मावशी, पण मशीनला माहीत नाही, मी काय करू?"

तंत्रज्ञान शाप की वरदान असे निबंध आपण शाळेत सगळ्यांनीच लिहिले, पाच फायदे पाच तोटे आणि शेवटी 'वापरावर अवलंबून आहे' असं म्हणून मोकळे झालो. मला आता हे उत्तर पटत नाही, कारण आत्यानं काही चुकीचा वापर केला नव्हता, तिनं फक्त अंगठा लावला होता. माझं म्हणणं एवढंच आहे की माहिती तंत्रज्ञानानं आपलं अंतर कमी केलं, वेळ वाचवला, पण हे करताना मधला माणूस काढून टाकला, आणि त्या माणसाबरोबर जबाबदारीही गेली. फायदा आणि तोटा दोन्ही याच एका गोष्टीतून आलेत.

आधी फायद्याचं बोलतो, आणि मनापासून बोलतो, कारण जुने दिवस चांगले होते असं म्हणणाऱ्यातला मी नाही. माझे वडील एका सातबाऱ्यासाठी तालुक्याला तीन-तीन हेलपाटे घालायचे. तलाठी एक तर सज्जावर नसायचा, असला तर दप्तर सापडायचं नाही, दप्तर सापडलं तर 'चहापाण्याचं' बघावं लागायचं. सोसायटीचं कर्ज पाहिजे, सातबारा आणा. विहिरीची योजना आहे, सातबारा आणा. प्रत्येक वेळी एसटीचं तिकीट, एक दिवसाची मजुरी, वर मनस्ताप. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळायला लागला, पंधरा रुपयात, घरबसल्या, आणि तो सगळीकडे चालतो. माझ्या चुलतभावानं मागच्या वर्षी पीककर्जासाठी रात्री साडेदहाला बाजेवर बसून सातबारा आणि आठ-अ काढला. माझ्या वडिलांना हे दाखवायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

असंच पैशाचं. २०१६ ला यूपीआय सुरू झालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींच्या वर व्यवहार झाले. आमच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणारी बाईसुद्धा क्यूआर कोड लावून बसते, पुड्याच्या बॉक्सवर चिकटवलेला, पावसात भिजू नये म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला. तिला सुट्ट्यांसाठी कोणाच्या दारात जावं लागत नाही आणि संध्याकाळी दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला तिच्या कनवटीत सगळी रोकड सापडत नाही, हे दुसरं तिनंच मला सांगितलं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आहे, आसपास वीज पडायची शक्यता असली की सांगतं, जनावरं घेऊन माळावर असलेल्या पोराला घरून फोन जातो की झाडाखाली थांबू नको. द्राक्षवाल्यांचे ग्रुप बघा, डाउनी रोगाचा ठिपका पानावर दिसला की फोटो टाकतात आणि तासाभरात दहा जण सांगतात काय फवारायचं. पूर्वी लांबच्या नातेवाइकाच्या मयताची तार पोचेपर्यंत इकडे माती सावडून झालेली असायची, ती तारसेवाच जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि कोणाचं काही अडलं नाही. हे सगळं खरं आहे आणि हे कोणी माझ्याकडून काढून घेतलं तर मी भांडेन.

पण नीट बघितलं तर यातला प्रत्येक फायदा कोणाला मिळाला? ज्याचं नाव बरोबर आहे, अंगठा लागतो, नंबर चालू आहे, वाचता येतं, फोन बरा आहे त्याला. त्याच्यासाठी रस्ता हायवेसारखा झाला. आणि ज्याचं यातलं एक जरी बिघडलं त्याच्यासाठी आधीची पायवाट होती तीसुद्धा उखडून टाकली.

सातबाऱ्याचंच घ्या. हातानं लिहिलेलं जुनं रेकॉर्ड कॉम्प्युटरवर चढवताना ढीगभर चुका झाल्या, क्षेत्र कमीजास्त झालं, आणेवारी चुकली, नावातली वेलांटी गेली, एखादा वारस गळला. सरकारलाही ते माहीत होतं, म्हणून २०१७ मध्ये चावडी वाचनाची मोहीम घेतली, म्हणजे कॉम्प्युटरवरचा सातबारा गावात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवायचा, चूक असेल त्यानं तिथंच सांगायचं. मला ही गोष्ट फार आवडली होती, अजूनही आवडते. कारण त्यात ज्याला वाचता येत नाही त्यालाही ऐकू येत होतं, शेजारचा सांगत होता की 'अहो यांची बांधाकडची चार गुंठे राहिली की', आणि समोर एक सरकारी माणूस होता ज्यानं ते लिहून घ्यायचं होतं.

पण जे त्या दिवशी कामावर होते, पुण्या-मुंबईला होते, त्यांच्या चुका राहिल्या. आमच्याच भावकीत एका काकांचं नाव कागदावर वेगळं आणि आधारवर वेगळं आहे. घरी सगळे 'बाळासाहेब' म्हणतात, सातबारावर 'बाळकृष्ण' आहे. आता शेतकरी ओळख क्रमांक काढायला गेलं की दोन नावं जुळत नाहीत, नाव दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली अर्ज करायचा, ते काम तहसीलदारांचं, अर्ज ऑनलाइन, त्याला जोडायला आधार लागतं, आधारवर नाव बदलायला दुसरा पुरावा लागतो, आणि तो पुरावा म्हणजे तेच चुकलेले कागद. काका सात महिने फिरतायत. प्रत्येक ठिकाणी त्यांना माणूस भेटतो, नाही असं नाही, पण प्रत्येक माणूस स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून दाखवतो आणि म्हणतो, "सिस्टीम घेत नाहीये काका."

हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. पूर्वीचा तलाठी पैसे खायचा, उर्मट बोलायचा, हे मी वर लिहिलंय, त्याची बाजू मला घ्यायची नाही. पण तो नाही म्हणाला तर 'नाही' कोण म्हणालं हे माहीत असायचं. त्याच्याविरुद्ध प्रांताकडे जाता यायचं, ग्रामसभेत बोलता यायचं, नाहीतर चार माणसं गोळा करून दारात तरी बसता यायचं. सर्व्हरच्या दारात कुठं बसायचं?

आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, आणि तो चांगला कायदा आहे, किती लोकांना माहिती आहे कोण जाणे. दाखला किती दिवसात द्यायचा ते ठरलेलं, नाही दिला तर अपील, त्यावर दुसरं अपील, त्यावर आयोग, अधिकाऱ्याला पाच हजारापर्यंत दंड. आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यायचं. आता विचार करा, आत्याचा अंगठा लागला नाही तेव्हा तिला कोणी काय लेखी दिलं? काहीच नाही. कारण तिनं अर्जच केला नव्हता, अधिकाऱ्यानं नकारच दिला नव्हता, कायद्याच्या भाषेत तिथं काही घडलंच नाही. ती आली, उभी राहिली, पिशवी रिकामी घेऊन परत गेली, आणि याची कुठंही एक ओळ नोंद नाही. पोर्टलवर फॉर्म सबमिट झाला नाही तर अर्ज क्रमांक येत नाही, अर्ज क्रमांक नाही तर दिवस मोजायला सुरुवात होत नाही, दिवस मोजले नाहीत तर अपील कशाचं? कायदा दारात उभा आहे, पण आत जायचा रस्ता फॉर्ममधनं जातो आणि फॉर्म अडकलाय.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीत हेच दिसलं. जुलै २०२४ पासूनची योजना, महिन्याला पंधराशे रुपये, सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची केली, आणि त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार नंबर आणि त्यावरचा ओटीपी मागितला. ज्या बाईचा नवरा वारलाय आणि वडीलही राहिले नाहीत तिनं कोणाचा ओटीपी टाकायचा? जिला नवऱ्यानं टाकलंय तिनं त्याच्या पाया पडायचं का? पुढे बदल झाला, वेगळी सोय केली, मान्य. पण फॉर्म बनवताना त्या खोलीत एक जरी अंगणवाडी सेविका बसलेली असती तर तिनं पहिल्या पाच मिनिटात हा प्रश्न विचारला असता, कारण तिला गल्लीतली अशी चार घरं तोंडपाठ असतात.

आधारची सुरुवातच आपल्या राज्यात झाली, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. पहिलं कार्ड आदिवासी बाईला दिलं. त्यामागचा विचार बरोबर होता असंच मी म्हणेन, ज्याच्याकडे कुठलाच कागद नाही त्याला स्वतःची ओळख मिळावी. मात्र ज्याच्यासाठी हे काढलं त्याचेच हात कामानं झिजलेले असतात, त्याचेच नंबर बदलत असतात, त्याच्याच जन्मतारखा अंदाजे टाकलेल्या असतात. ऑफिसात बसून टाइप करणाऱ्या माझ्यासारख्याचा अंगठा दर वेळी पहिल्याच फटक्यात लागतो.

मधला माणूस काढल्याचा तोटा फक्त सरकारी कामात नाही. व्हॉट्सॲपचं बघा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच जणांना जमावानं मारलं. मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक. पोरं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज मोबाईलवर फिरत होते, आठवडी बाजाराचा दिवस होता, कोणीतरी संशय घेतला आणि पाच माणसं ग्रामपंचायतीच्या खोलीत संपली. अफवा पूर्वीही होत्या, मुलं पळवणाऱ्यांच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्याच. पण तेव्हा 'कोणी सांगितलं तुला?' असं विचारलं की कोणाचं तरी नाव निघायचं, आणि ते नाव बघून ठरवता यायचं की माणूस भरवशाचा आहे की पुड्या सोडणारा. फॉरवर्डला नाव नसतं. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली, ते बरं केलं, पण मारले गेलेले पाच जण परत आले नाहीत आणि त्यांच्या घरच्यांना हे कोणी पाठवलं याचं उत्तर मिळण्यासारखं नाही.

पैशाचंही तसंच. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार आता घराघरात माहीत झालाय, पोलीस बोलतोय, सीबीआय बोलतोय, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं की असली कुठलीही अटक कायद्यात नाही. ऑनलाइन फसवणूक कळवायला १९३० हा नंबर आहे, लगेच फोन केला तर पैसे गोठवता येतात, हे घरातल्या म्हाताऱ्यांना पाठ करून ठेवा. पण मला यात एक गोष्ट लक्षात राहिली. अशा बातम्यांमध्ये जिथं जिथं माणूस वाचला तिथं बऱ्याचदा बँकेतल्या कोणीतरी विचारलेलं असतं, 'आजोबा, एवढी एफडी का मोडताय, घरी सगळं ठीक आहे ना?' काउंटरवरच्या माणसाला चेहरा दिसतो, हात थरथरतोय ते दिसतं. ॲपला फक्त पिन बरोबर आहे का एवढंच दिसतं, आणि पिन बरोबर असतो.

काही जण म्हणतील की हे सगळे सुरुवातीचे दिवस आहेत, दहा वर्षांत सगळ्यांना वापरता येईल, जुनी पिढी गेली की प्रश्न मिटला. मला हे ऐकलं की राग येतो. एक तर माणूस मरायची वाट बघणं हे धोरण असू शकत नाही. दुसरं म्हणजे हा फक्त म्हाताऱ्यांचा प्रश्नच नाही. ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं एक निकाल दिला, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या बायकांनी केलेल्या याचिकेवर. बँकेत खातं उघडताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवा असं सांगितलं, आणि ॲसिडनं डोळे गेलेल्या बाईला ते करता येईना, म्हणून केवायसी होईना. जिवंत बाई समोर बसलीय आणि मशीन म्हणतंय ही जिवंत असल्याचं सिद्ध होत नाही. कोर्टानं सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, कागदावरची केवायसी चालू ठेवा, आणि मशीननं नाकारलेले अर्ज माणसानं परत तपासायची सोय करा. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. मशीनचा नकार फिरवायचा अधिकार असलेला माणूस! हे बँकेच्या केवायसीपुरतं का ठेवायचं, रेशनला का नको, सातबाऱ्याला का नको, पोरांच्या स्कॉलरशिपला का नको?

उलट बाजूनं कोणी म्हणेल की माणसाच्या हातात अधिकार दिला की परत चहापाणी सुरू. हा आक्षेप खरा आहे, मी झटकून टाकत नाही, माझ्या वडिलांचे हेलपाटे मी विसरलेलो नाही. रेशनचं धान्य काळ्या बाजारात जायचं, मेलेल्या माणसांच्या नावावर उचललं जायचं, मशीन आल्यावर ते अवघड झालं हे गावात कोणीही सांगेल. पण म्हणूनच मी मशीन काढा म्हणत नाहीये. अंगठा नाही लागला तर दुकानदारानं त्याच मशीनवर 'परत पाठवलं' असं एक बटण दाबावं, पावती निघावी, त्यावर तारीख, कार्ड नंबर आणि कारण यावं. ती पावती हाच अर्ज समजायचा. मग ठरलेल्या दिवसात पुरवठा निरीक्षकानं नाहीतर ग्राम महसूल अधिकाऱ्यानं, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यानं, घरी येऊन माणूस बघायचा आणि सही करायची, त्याची नोंद ऑनलाइन सगळ्यांना दिसायची, म्हणजे कोणी खोट्या सह्या केल्या तर तेही दिसेल. यात तंत्रज्ञान कमी होत नाही, वाढतंय, फक्त ते आता नकाराचाही हिशोब ठेवतंय. आज पोर्टलवर किती दाखले दिले त्याचे आकडे मोठ्या अक्षरात असतात, किती जण दारातनं परत गेले त्याचा रकानाच नाही.

आणि हे अशक्य नाही. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यानं स्वतः बांधावर उभं राहून फोटो काढायचा होता. सगळ्यांना ते जमेना, कुठं रेंज नाही, कुठं फोन साधा, कुठं शेत बाईच्या नावावर आणि फोन पोराच्या खिशात. नंतर राहिलेल्यांसाठी सहायक द्यावे लागले. म्हणजे सरकारलाही शेवटी माणूस पाठवावा लागतोच, मग तो आधीपासूनच का नाही धरायचा?

आत्याचं सांगायचं राहिलं. त्या महिन्याचं धान्य तिला मिळालं नाही. पुढच्या महिन्यात मी सुट्टी काढून तिला तालुक्याला आधार सेंटरवर नेलं, नवीन नंबर लिंक केला, माझा, म्हणजे आता तिच्या गव्हाचा ओटीपी मला पुण्यात ऑफिसात येतो आणि मी मीटिंगमधून बाहेर येऊन दुकानदाराला फोनवर सांगतो. कोणालाही ओटीपी सांगू नका हे मीच तिला दहा वेळा बजावलंय.

दुकानदारानं मात्र एक केलंय, कोणी सांगितलेलं नसताना. मागे गेलो तेव्हा त्यानं काउंटरखालनं शाळेची दोनशे पानी वही काढून दाखवली. ज्यांचा अंगठा लागत नाही त्यांची नावं, तारीख, पुढं लिहिलेलं 'परत गेले', आणि नंतर मिळालं तर त्यावर टिक. पहिल्याच पानावर आत्याचं नाव होतं. मी विचारलं ही वही कोणाला देणार. तो म्हणाला, "कोणी मागितली तर देईन की, तीन वर्षं झाली, अजून कोणी मागितली नाही."